सेल नंतर घ्या, आधी चार्जर

कोकणात पावसाळ्याआधीच्या, म्हणजे आगोटीच्या खरेदीत सुकी मासळी, मीठ, ताडपत्री यांच्या जोडीला हल्ली रिचार्जेबल सेलही असतात. दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो, सेल कुठला चांगला? माझ्या मते आधी चार्जरचं विचारायला हवं. भारीतला सेल वाईट चार्जरमध्ये दोन पावसाळेही धड काढत नाही, आणि मध्यम प्रतीचा सेल चांगल्या चार्जरवर पाच-सहा वर्षं सहज जातो. सेल मरतात ते बहुतेक चार्जिंगला लावलेले असतानाच.

आपल्याकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात, त्यामुळे शब्दांचा गोंधळ होतो. इथे टॉर्च ती टॉर्च आणि आत घालतो तो सेल. सुरुवातीला बोलतोय ते पेन्सिल सेलबद्दल, म्हणजे एए आणि त्याहून बारीक एएए. यातले रिचार्जेबल बहुतेक निकेल मेटल हायड्राइडचे असतात आणि त्यांच्यावर १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं. लिथियमच्या सेलचे नियम वेगळे आहेत, ते पुढे येतील.

चार्जरच्या ढोबळ तीन जाती. पहिल्या जातीला काहीच कळत नाही. प्लगला लावला की ठरलेला करंट सोडत राहतो, सेल भरला तरी सोडतो, तुम्ही काढाल तेव्हाच थांबतो. दुसऱ्या जातीत घड्याळ असतं, सात-आठ तास झाले की बंद. तिसरी जात सेलकडे बघून थांबते. निकेलचा सेल भरत असताना त्याचं व्होल्टेज हळूहळू चढतं. सेल पूर्ण भरला की आणखी आत गेलेली वीज साठत नाही, तिच्यापासून आत प्राणवायू तयार होतो. तो परत शोषला जाताना उष्णता सुटते, सेल तापतो आणि व्होल्टेज चढायचं थांबून किंचित खाली येतं. किंचित म्हणजे ३ ते ५ मिलिव्होल्ट. चांगला चार्जर एवढीशी घसरण पकडतो आणि करंट तोडतो. शिवाय तापमान फार वाढलं तर थांबायची सोय आणि शेवटचा उपाय म्हणून घड्याळही त्यात असतं.

कोकणात घड्याळाचा चार्जर का घेऊ नये, याचं कारण आपली लाईट. संध्याकाळी सात वाजता सेल लावले. सहा तासांनी सेल जवळजवळ भरले असताना लाईट गेली आणि पाच मिनिटांत परत आली. चार्जरचं घड्याळ शून्यावर गेलं. आता तो आणखी सात तास भरणार. पावसाळी रात्री लाईट तीनदा गेली-आली तर सकाळपर्यंत भरलेल्या सेलमध्ये करंट चालूच. जास्तीचा सगळा करंट उष्णतेत जातो, आतला दाब वाढतो, सुरक्षेची झडप उघडून थोडा वायू आणि ओलावा बाहेर पडतो. गेलेला ओलावा परत येत नाही. असं दहा-पंधरा वेळा झालं की सेलची ताकद गेली.

उलटंही घडतं. वाडीच्या टोकाच्या घरात संध्याकाळी व्होल्टेज १७० पर्यंत उतरलेलं असतं. ट्रान्सफॉर्मरचा जुना जड चार्जर त्या व्होल्टेजवर कमी करंट सोडतो, घड्याळ मात्र आपल्या वेळेला बंद होतं. सेल अर्धवट भरतो आणि दोष सेलला लागतो. तिसऱ्या जातीच्या चार्जरला या दोन्हींचा त्रास होत नाही. लाईट गेली-आली तर तो पहिल्यापासून सुरू होतो खरा, पण भरलेला सेल पाच-दहा मिनिटांत ओळखून थांबतो. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट इनपुट लिहिलेलं असेल, तर कमी व्होल्टेजवरही तो ठरलेला करंटच देतो.

दुकानात ओळखायचं कसं? खोक्यावर ‘स्मार्ट’ किंवा ‘क्विक’ लिहिलंय याला काही किंमत नाही. चार्जर उलटा करून आउटपुट वाचा. २.४ किंवा २.८ व्होल्ट आणि पुढे करंट लिहिलेला असेल तर तो सेल जोडीने भरतो, म्हणजे दोन सेल एकामागोमाग एक जोडून. १.२ किंवा १.४ व्होल्ट आणि पुढे ‘गुणिले ४’ असेल तर प्रत्येक घर स्वतंत्र. दिवे मोजा. चार घरांना दोनच दिवे असतील तर तो जोडीचाच. खात्री हवी असेल तर एकच सेल घालून बघा. जोडीचा चार्जर एका सेलवर सुरूच होत नाही. माहितीपत्रकात ‘अमुक एमएएचला इतके तास, मग प्लग काढा’ असा तक्ता असेल (एमएएच म्हणजे सेलमध्ये मावणाऱ्या विजेचं माप) तर चार्जर स्वतःहून थांबत नाही, हे कंपनीनेच सांगितलंय असं समजा.

जोडीचा चार्जर मी ठामपणे नको म्हणेन. दोन सेल कधीच सारखे उतरलेले नसतात. एकात तीस टक्के उरलेत, दुसरा रिकामा. दोघांतून करंट एकच जातो, म्हणून पहिला आधी भरतो आणि दुसरा भरेपर्यंत शिजत राहतो. तीन एएए सेलच्या हेडटॉर्चचं तर आणखी अवघड. तिसरा सेल कुणाबरोबर लावणार? मग ड्रॉवरमधला कुठला तरी जुना सेल जोडीला घातला जातो आणि नव्याची वाट लागते.

घरी आणल्यावर एक परीक्षा घ्या. चारही सेल पूर्ण भरून दिवा हिरवा होऊ द्या. तासभर बाहेर ठेवा आणि तेच भरलेले सेल परत घाला. चांगला चार्जर दहा-पंधरा मिनिटांत प्रत्येक घराचा दिवा हिरवा करतो. तासाभरानेही दिवा लाल असेल आणि सेल गरम झाले असतील, तर त्या चार्जरला भरलेला सेल ओळखता येत नाही. बदलून मिळण्याच्या मुदतीतच हे करून घ्या. एखादंच घर बिघडलेलं असू शकतं, म्हणून चारही घरं तपासा.

आता करंट. सेलवर २,००० एमएएच लिहिलंय म्हणजे तो २,००० मिलिअँपिअर एक तास देईल, किंवा २०० मिलिअँपिअर दहा तास. भरताना मात्र त्याहून जास्त घालावं लागतं, कारण थोडी वीज वाया जाते. ५०० मिलिअँपिअरने भरलं तर २,००० ला १.२ ने गुणून ५०० ने भागा, म्हणजे पावणेपाच ते पाच तास. अगदी सावकाश भरताना वाया जाणारा भाग वाढतो, तिथे १.६ ने गुणायचं. पहिल्या जातीच्या, १५० मिलिअँपिअरच्या बिनडोक चार्जरवर हाच सेल भरायला वीस-एकवीस तास लागतात. खोक्यावर ‘रात्रभर’ लिहिलेलं असतं आणि सकाळी सेल पाऊण भरलेला नसतो, तो यामुळे.

एए सेलला ५०० ते १,०००, एएएला २५० ते ५०० मिलिअँपिअर हा पट्टा उत्तम. सावकाश भरलं की सेल जास्त जगतो असं पुष्कळांना वाटतं. तिसऱ्या जातीच्या चार्जरवर ते खरं नाही. करंट फार कमी असला तर शेवटी येणारी ती ३ ते ५ मिलिव्होल्टची घसरण इतकी पुसट होते की चार्जरला ती दिसतच नाही आणि तो भरत राहतो. एलसीडीच्या चार्जरवर २०० चा पर्याय दिसतो, तो एएएसाठी ठेवा, २,००० च्या एएला लावू नका. दुसरं टोक म्हणजे पंधरा मिनिटांत किंवा अर्ध्या तासात भरणारे चार्जर. ते सेलला इतकं तापवतात की आपल्या हवेत नकोतच.

हवेचा मुद्दा इथे महत्त्वाचा आहे. निकेलच्या सेलला भरताना सभोवतालचं तापमान ४० च्या आत हवं. आपल्याकडे विदर्भासारखा पारा चढत नाही, पण एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या खोलीत दुपारी ३५-३६ सहज असतं. भरत आलेला सेल त्याहून दहा-पंधरा अंश वर जातो. म्हणून उन्हाळ्यात पहाटे उठल्यावर सेल लावा, म्हणजे ऊन चढायच्या आत काम उरकतं. चार्जर माजघरात थंड शहाबादी फरशीवर ठेवा. फ्रिजच्या माथ्यावर, इन्व्हर्टरच्या शेजारी, पडवीत उन्हाची तिरीप येते तिथे नको. चार्जरला झाकण असेल तर भरताना उघडं राहू द्या. दिवा हिरवा होताना सेल कोमट लागला तर ठीक. मुठीत दहा सेकंद धरवत नसेल तर चार्जर थांबत नाहीये किंवा सेल म्हातारा झालाय. दुसरा सेल त्याच घरात घालून बघितलं की दोष कुणाचा ते कळतं.

सेल निवडताना एकच गोष्ट पक्की बघा, तो न वापरता चार्ज टिकवणारा आहे का. जुन्या पद्धतीचे निकेलचे सेल नुसते पडून महिन्याभरात बरेचसे रिकामे होतात, उकाड्यात आणखी लवकर. २००५ मध्ये सान्यो कंपनीने एनेलूप नावाने जे सेल आणले, त्यांनी हा दोष बराचसा दूर केला. आता तसे सेल अनेक कंपन्या करतात. वर्षभर पडून राहिले तरी त्यांच्यात ७० ते ८५ टक्के चार्ज उरतो. खोक्यावर ‘रेडी टू यूज’ किंवा ‘प्री-चार्ज्ड’ लिहिलेलं असतं. गोठ्यातल्या खुंटीवर टांगलेली टॉर्च तीन महिन्यांनी रात्री साप निघाला तेव्हा पेटायला हवी असेल, तर हेच सेल.

आकड्यांच्या मागे लागू नका. एए आकाराच्या निकेल सेलमध्ये आज २,७००-२,८०० एमएएचच्या वर बसत नाही. ३,५०० किंवा ४,००० छापलेला सेल खोटा आहे, वजनालाही तो हलका लागतो. शिवाय खऱ्या सेलमध्येही जास्त एमएएच म्हणजे जास्त आयुष्य नव्हे. एनेलूपचा साधा सेल साधारण २,००० एमएएचचा आणि कंपनीच्या दाव्यानुसार २,१०० वेळा भरता येणारा, तर त्याचाच २,५०० चा भाऊ ५०० वेळा. तेवढ्याच डब्यात जास्त माल कोंबला की आतले पडदे पातळ करावे लागतात. घरगुती वापराला २,००० चा घ्या. भारतात विकल्या जाणाऱ्या रिचार्जेबल सेलवर भारतीय मानकाचा आयएस १६०४६ क्रमांक आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर या ॲपवर तो टाकून तपासता येतो.

भिंतीवरच्या घड्याळात रिचार्जेबल घालू नका. घड्याळ इतकं कमी खातं की साधा सेल वर्षभर चालतो, फक्त तो दर मेमध्ये बदला. टॉर्च, रक्तदाब मोजायचं यंत्र, होडीवरचा हातातला जीपीएस, रेडिओ, भजनाच्या वायरलेस माइकचे सेल, यांत रिचार्जेबल शोभतात. काही यंत्रं भरलेल्या सेललाही अर्धा दाखवतात. साधा सेल १.५ व्होल्टला सुरू होऊन उतरत जातो, निकेलचा सेल जवळजवळ शेवटपर्यंत १.२ च्या आसपास राहतो, म्हणून यंत्राचा अंदाज चुकतो. बऱ्याच जीपीएसमध्ये सेलचा प्रकार निवडायची सोय असते, तिथे निकेलचा पर्याय निवडा.

सेल भरताना खराब होतात तसे वापरताना होतात ते एकाच कारणाने. चार सेलच्या यंत्रात तीन दमदार आणि एक अशक्त असेल, तर अशक्त आधी शून्यावर येतो. बाकीचे तिघे मात्र त्याच्यातून करंट ढकलत राहतात, त्यामुळे तो उलट्या दिशेने भरला जातो. आत वायू होतो, झडप उघडते, कधी पाणी सुटतं. जीपीएस किंवा रक्तदाबाचं यंत्र वेळेत बंद होतं. साधी टॉर्च मात्र शेवटच्या थेंबापर्यंत पिते. म्हणून उजेड मंदावला की सेल काढायचे. चढणीचे मासे किंवा कुर्ल्या पकडायला जाताना खिशात दुसरा संच ठेवा, म्हणजे मंद टॉर्चवर ओढत बसायला नको.

सेल संचात ठेवायचे. एकत्र घेतलेले चार सेल म्हणजे एक कुटुंब. मार्करने त्यांवर ‘अ’ लिहा, खरेदीचा महिना आणि वर्ष लिहा. दुसरा संच ‘ब’. अ चे सेल नेहमी अ बरोबरच भरायचे आणि वापरायचे. वेगळ्या कंपनीचा, वेगळ्या एमएएचचा, नवा-जुना असा मेळ नको.

चार्जर सेलला ओळखतच नाही, दिवा लुकलुकतो, अशी तक्रार असते. सेल फार उतरून ०.८-०.९ व्होल्टच्या खाली गेला की स्मार्ट, म्हणजे तिसऱ्या जातीचा, चार्जर त्याला मेलेला समजतो. तो जुना बिनडोक चार्जर इथे कामाला येतो. त्यात सेल दहा मिनिटं ठेवा आणि लगेच स्मार्टमध्ये घाला, बहुतेक वेळा घेतो. दीर्घकाळ पडलेल्या सेलला पहिल्या वेळी त्याच्या एमएएचच्या दहाव्या भागाने, म्हणजे २,००० ला २०० मिलिअँपिअरने, सोळा तास भरणं ही मान्य पद्धत आहे. वर २०० नको म्हटलं ते आपोआप थांबायच्या भरवशावर सोडू नये म्हणून, इथे तास आपण मोजतो. त्यानंतर दोन-तीन वेळा नेहमीसारखं वापरून भरलं की पडून राहिल्यामुळे गेलेली ताकद बरीचशी परत येते. चार्जरमधला ‘रिफ्रेश’चा पर्यायही हेच करतो. वर्षातून दोन-तीनदा पुरे, कारण प्रत्येक फेरी आयुष्यातूनच वजा होते. रिकामा करूनच भरायचा ही सवय जुन्या निकेल कॅडमियमच्या काळातली आहे, आताच्या सेलना तिची गरज नाही.

व्होल्टेज मोजायला तीनशे-चारशे रुपयांचा मल्टिमीटर आणि सेलवर भार घालायला १ ओहम ५ वॉटचा रेझिस्टर घरात असू द्या. भरून रात्रभर ठेवलेला सेल नुसता मोजला तर १.३२-१.३५ व्होल्ट दाखवेल, म्हातारा सेलही दाखवेल. खरी परीक्षा भार घातल्यावर. सेलच्या दोन टोकांना रेझिस्टर लावून पाच सेकंदांनी व्होल्टेज वाचा. १.२ च्या आसपास राहिलं तर सेल निरोगी. १.१ च्या खाली गेलं तर तो टॉर्चमधून काढा आणि रिमोटमध्ये घाला, तिथे त्याचं अजून वर्षभर भागेल. रेझिस्टर तापतो, बोटाने दाबून धरू नका.

खारी हवा आणि पावसाळी दमट हवा या दोन्ही शत्रूंना आपण कमी लेखतो. पावसात सगळंच सादळतं, तसे चार्जरचे स्प्रिंगही. त्यांवर हिरवट-पांढरी पुटं चढली की तिथे रोध वाढतो, व्होल्टेज चुकीचं वाचलं जातं आणि तो स्मार्ट चार्जरही घसरण चुकवतो. चार्जर नेमका एकाच घरात गडबड करत असेल तर आधी ते घर साफ करा. पेन्सिलच्या खोडरबरने पत्ती घासा, स्पिरिटच्या कापसाने पुसा, वाळू द्या आणि व्हॅसलिनचं अगदी पातळ बोट फिरवा. सेलचीही दोन्ही टोकं पुसा. चार्जर काम नसताना झाकणाच्या डब्यात, नव्या चपला-बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

सेलला पाणी सुटलं असेल तर ते कुठल्या सेलचं ते बघा. अल्कलाइन किंवा निकेलच्या सेलमधून पांढरी पूड येते, ती अल्कधर्मी असते. व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात बुडवलेल्या कापसाने पुसा. कोकमाचं आगळ वापरू नका, त्यात मीठ असतं आणि मीठ पत्ती खातं. साध्या स्वस्त झिंक सेलमधून चिकट तपकिरी पाणी येतं, ते आम्लधर्मी, त्याला खायच्या सोड्याचं पाणी. दोन्हींनंतर स्पिरिटने पुसून उन्हात वाळवा. हातमोजे घाला आणि डोळ्यांना हात लावू नका.

सेल ठेवायचे प्लास्टिकच्या डबीत, फडताळात. पत्र्याच्या डब्यात नाणी-किल्ल्यांबरोबर पडलेला भरलेला सेल शॉर्ट होऊन चटका देण्याइतका तापतो. माळ्यावर उन्हाळ्यात भट्टी असते, तिथे नको. फ्रिजमध्ये ठेवायची पद्धत जुन्या सेलसाठी ठीक होती, पण आपल्या दमट हवेत फ्रिजमधून काढलेल्या सेलवर लगेच पाणी धरतं. ठेवायचेच तर हवाबंद पिशवीत ठेवा आणि बाहेर काढल्यावर तासभर पिशवी उघडू नका.

आता लिथियम. नव्या झगमगीत टॉर्चमध्ये १८६५० नावाचा जाडसर सेल असतो. ३.७ व्होल्टचा, पूर्ण भरल्यावर ४.२. याचा चार्जर ४.२ ला काटेकोरपणे थांबला पाहिजे. भरून काढल्या काढल्या मल्टिमीटरने मोजा, ४.२५ च्या वर आढळला तर तो चार्जर वापरू नका. या आकारात ३,५०० एमएएचच्या आसपास खरी मजल संपते. ९,९०० छापलेला सेल म्हणजे उघड फसवणूक. चांगला सेल ४५ ग्रॅमच्या वर भरतो, किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावरही कळतं. निकेल सेलसाठी सांगितलेली दहा मिनिटांची युक्ती लिथियमला कधीही नाही. दोन व्होल्टच्या खाली जाऊन पडून राहिलेला लिथियम सेल आतून बिघडलेला असतो, भरताना पेट घेऊ शकतो. समुद्राच्या पाण्यात बुडालेलाही भरायचा नाही. तो घराबाहेर, जळण्यासारखं काही नाही अशा जागी ठेवून द्या. एए आकाराचाच एक ३.७ व्होल्टचा सेल मिळतो, १४५०० नावाचा. तो चुकून रेडिओत किंवा रक्तदाबाच्या यंत्रात गेला तर यंत्र जळतं, निकेलच्या चार्जरमध्ये गेला तर धोका आहे. घरात तो आणूच नये असं माझं मत.

थेट भिंतीत खोचायच्या पिनांच्या स्वस्त रिचार्जेबल टॉर्चमध्ये बहुधा ४ व्होल्टची छोटी लेड-ॲसिड बॅटरी असते आणि आपोआप थांबायची सोय नसते. पत्रकात दिलेले तास मोजून काढा. पावसात ओल्या हाताने तिला चार्जिंगला लावू नका आणि लावलेली असताना उघडू नका, आतल्या सर्किटला थेट मेनची वीज असते. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर तिला मुळीच लावू नका, त्या विजेवर तिच्यातून नेहमीपेक्षा जास्त करंट जातो आणि ती जळते.

साठवणीचा नियम जातीजातीत वेगळा आहे. लेड-ॲसिड पूर्ण भरून ठेवायची, रिकामी राहिली तर तिच्या पट्ट्यांवर सल्फेट धरतं. लिथियम अर्धा भरलेला ठेवायचा, पूर्ण भरून उकाड्यात पडला तर लवकर म्हातारा होतो. निकेलचा कसाही चालतो, फक्त रिकामा नको.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या कित्येक गावांत आठवडे-आठवडे लाईट नव्हती. अशा वेळेसाठी यूएसबीवर चालणारा चार्जर घ्या. पॉवर बँक, गाडीचं सॉकेट, छोटं सौर पॅनेल, कशावरही चालतो. त्याच्या पाठीवरचं इनपुट मात्र वाचा. २,००० एमएएचचे चार सेल भरायला चांगल्या रचनेच्या चार्जरला साधारण १७ वॉट-तास लागतात. पण इनपुट ५ व्होल्ट २ अँपिअर आणि आउटपुट ५०० मिलिअँपिअर गुणिले ४ असेल, तर तो पाच तासांत ५० वॉट-तास ओढेल आणि बहुतेक उष्णतेत घालवेल. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेतून हाती येतात ३० वॉट-तास. म्हणजे पहिल्या चार्जरवर पावणेदोन संच भरतील, दुसऱ्यावर एकही पूर्ण नाही.

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. नौका वर ओढताना जीपीएस आणि वायरलेसमधले सेल काढून घरी आणा. दोन महिने खाऱ्या दमट केबिनमध्ये पडलेला सेल यंत्रालाही घेऊन जातो. चाकरमान्यांच्या घरांनाही हेच लागू. मे संपताना घर बंद करताना टॉर्च, रिमोट, घड्याळ, सगळ्यांतले सेल बाहेर. चार्जर प्लगमधून काढून ठेवा, नाहीतर विजा कडाडतात तेव्हा तो जातो. गणपतीला आल्यावर आदल्या रात्री एक संच लावला की सकाळी तयार.

मेलेले सेल चुलीत किंवा बंबात टाकू नका, फुटतात. विहिरीजवळ पुरू नका. जांभ्यातून पाणी झिरपतं, आणि जुन्या कॉर्डलेस फोनमधले, इमर्जन्सी दिव्यांमधले निकेल कॅडमियमचे सेल विषारी असतात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ते परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि आपण ते ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळायचे नाहीत. टोकांना चिकटपट्टी लावून एका बरणीत जमवा आणि तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी जाताना ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.